कानाच्या पाळीइतकं मऊ

"कानाची पाळी धर," तोमोको वहिनी म्हणाली.

मी धरली.

"आता पीठ दाब."

मी परातीतला गोळा दाबून पाहिला. "पीठ घट्ट आहे. कान मऊ आहे."

"मग पाणी. थोडंच." तिने बोटं कोमट पाण्यात बुडवून पिठावर नुसती झटकली आणि परत मळायला लागली. "आमच्याकडे सगळ्या आया असंच सांगतात. कानाच्या पाळीइतकं मऊ. वजनकाटा नको."

"आणि ज्याचा कान कडक असेल त्याने?"

"त्याने दांगो करू नये. विकत आणावे."

मिका ओट्याखाली बसली होती. तिने हे ऐकून आधी स्वतःचा कान ओढला, मग माझा ओढायला वर चढू लागली. अडीच वर्षांची होती. एका हाताने माझी ओढणी धरलेली, दुसऱ्या मुठीत तिला दिलेला पिठाचा गोळा. तो एव्हाना करडा झाला होता.

मी नुकतीच रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाले होते आणि आदल्या संध्याकाळीच पुण्याहून नाशिकला, घरी आले होते. दादा गेल्यानंतर घरी मी जेमतेम दोनदा आले असेन, तेही धावतपळत. त्यामुळे स्वयंपाकघरात आई आणि वहिनी एकाच वेळी उभ्या आहेत हे दृश्य मला नवीन होतं. वहिनी ओट्याशी, आई दाराशी खुर्ची टाकून ताटलीत काळे तीळ निवडत होती. कुणी कुणाशी भांडत नव्हतं. मला बरं वाटलं.

पुढच्या बुधवारी वहिनी मिकाला घेऊन ओसाकाला परत जाणार होती. कायमची. तिथे तिची आई होती आणि जुन्या कंपनीत जागा मिळत होती. नाशिकला तिचं होतं कोण? नचिकेतदादा तिच्याशी लग्न करून तिला इथे घेऊन आला, मिका इथेच झाली, आणि जानेवारीत मुंबईहून येताना घाटात त्याची गाडी ट्रकखाली गेली. बाबा तर त्याच्याही आधी गेलेले. त्या रो-हाऊसमध्ये उरल्या एक सासू, एक सून आणि एक पोर. सून पोर घेऊन निघाली की आई एकटी.

मला वाटलं होतं, आई आकाशपाताळ एक करेल. पण तिने फोनवर मला शांतपणे सांगितलं होतं, "मुलगी तिची आहे. मी कोण अडवणारी?"

आई बत्तीस वर्षं गणित शिकवत होती. बर्वेबाईंचा तास म्हणजे वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येई. त्यांची खासियत अशी की त्या उत्तर कधीच सांगत नसत. मुलाला फळ्याशी उभं करायचं आणि गप्प राहायचं. मूल एक उत्तर देई, बाई गप्प. दुसरं देई, बाई गप्प. शेवटी बरोबर उत्तर त्याच्याच तोंडून बाहेर पडे, आणि बाई खडू टेबलावर टक् करून ठेवत. मीही त्या वर्गात उभी राहिले आहे. तो टक् ऐकला की रडू यायचं, सुटल्याचं.

त्या दिवशी भाद्रपदातली पौर्णिमा होती. जपानात त्या रात्री चंद्र बघतात. खिडकीत नाहीतर गच्चीत लांब गवताचे तुरे ठेवतात आणि त्यांच्यासमोर दांगोंचा, म्हणजे तांदळाच्या पांढऱ्या गोळ्यांचा, ढीग रचतात. पंधरावी तिथी म्हणून पंधरा गोळे. चंद्राला दाखवून झाले की गोड पाकात बुडवून घरातल्यांनी खायचे. वहिनीने ही गोष्ट घरात पूर्वी कधीतरी सांगितलेली होती. यंदा आईनेच आठवण काढली. "जायच्या आधी करून दाखव ते तुमचे चंद्राचे लाडू. नचिकेतला आवडायचे ना?"

वहिनीने ओसाकाहून आणलेलं चिकट तांदळाच्या पिठाचं शेवटचं पाकीट फोडलं. ते एकट्याने पुरलं नसतं म्हणून त्यात निम्मं आपलं मोदकाचं पीठ घातलं. चिकट तांदळाच्या पिठात स्टार्चचा एक प्रकार जवळजवळ नसतोच, त्यामुळे ते ताणलं जातं. आपलं आंबेमोहोराचं पीठ नुसतंच मऊ होतं आणि तुटतं. दोन्ही मिसळली तर काय होईल याची मला खरीच उत्सुकता होती. मी एक गोळी वेगळी उकळून पाहिली, वेळ लावून.

"उकड काढली असती तर एवढं मळावं लागलं नसतं," आई दारातून म्हणाली. "उकळत्या पाण्यात पीठ घालायचं, झाकण ठेवायचं, संपलं."

"हो आई. पण हे उकडीचं नाही. आधी गोळे, मग पाण्यात."

"तुमचं उलटंच सगळं." हे ती हसून म्हणाली. वहिनीही हसली.

आम्ही गोळे वळायला घेतले. तळहात ओला करायचा, पीठ ठेवायचं, गोल फिरवायचं. भेग राहता कामा नये. वहिनीचे एकसारखे होत होते, माझे एका बाजूला चपटे. मधेच तिने हात थांबवले.

"गौतमी, तू शास्त्र शिकलीस. एक विचारू?"

"विचार की."

"गवताचा कावळा चालतो का? खरंच?"

दादाच्या दहाव्याला पुरुष मंडळी गोदावरीवर गेली होती. आम्ही बायका घरीच होतो. तिथे भाताचा पिंड ठेवतात आणि कावळ्याने त्याला चोच लावायची वाट बघतात. कावळा शिवला म्हणजे गेलेला माणूस तृप्त झाला. शिवला नाही म्हणजे त्याचं काहीतरी राहिलंय. मग नातेवाईक हात जोडून मोठ्याने सांगतात, तुझ्या मुलांना सांभाळू, तुझं घर पुरं करू, एकेक इच्छा आठवून. ज्या वचनाला कावळा उतरतो ते वचन पाळायचं. दादाच्या वेळी दोन तास कावळा आला नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला लावला आणि सगळे घरी आले. काकांनी दारातच सांगितलं, "नाही शिवला." वहिनी मिकाला मांडीवर घेऊन ऐकत होती.

"वहिनी, घाटावर रोज शंभर पिंड पडतात," मी म्हणाले. "तिथल्या कावळ्यांची पोटं भरलेली असतात. त्यात दादाचं काही नाही."

"पण बाकीच्यांना शिवला. त्या दिवशी. काकांनी सांगितलं."

"योगायोग."

"हं." तिने गोळा पुन्हा फिरवायला घेतला. "त्याचं काहीतरी राहिलं. मी रोज आठवते. काय राहिलं असेल. मला सापडत नाही."

आईची बोटं तिळांवर थांबली होती. मग ती उठली, ताटली ओट्यावर ठेवली. "हे लाव त्याला थोडे. तुमच्यात चालतात ना काळे तीळ?"

"चालतात, आई," वहिनीचा चेहरा उजळला. "तीळ लावतात कधी कधी. छान लागतं."

"आणि गवत मिळालं का तुला?"

"नाही ना. ते लांब तुऱ्याचं इथे कुठे मिळत नाही."

"मागच्या कुंडीत दर्भ आहे. तो घे कापून. गवत ते गवत."

पाणी उकळलं. गोळे बुडाले, तळाशी बसले आणि मग एकेक करून वर आले. वर आल्यावरही लगेच काढायचे नाहीत, थोडं तरंगू द्यायचं, आणि मग थेट गार पाण्यात. मिकाला ते वर येताना बघायचे होते म्हणून मी तिला कडेवर घेतलं. प्रत्येक गोळ्याला ती "आला" म्हणत होती. दुसऱ्या शेगडीवर आईने गुळाचा पाक केला आणि वहिनीने त्यात सोया सॉसचे चार थेंब टाकले. आईने नाक मुरडलं नाही, उलट वाटीत काढून चाखून पाहिला. "बरा लागतो की," म्हणाली.

चारच्या सुमाराला इंदूआत्या आली. बाबांची मोठी बहीण. आईने तिला मुद्दाम बोलावलं होतं, सुनेच्या हातचं खायला. आत्या जिना चढताना बोलायला सुरुवात करायची आणि उतरताना थांबायची.

"कुठाय आमची परदेशी सूनबाई? काय गं, वाळलीस किती. तिकडे गेलीस की तुझी आई म्हणेल, नाशिककरांनी उपाशी ठेवली पोरीला."

"नाही आत्या. मीच कमी खाते."

"तेच म्हणते मी. आणि ही गौती, एवढी शिकली, अजून भांडं घासताना हात आखडतो. चला, दाखवा काय केलंय ते."

आई म्हणाली, "वर गच्चीत मांडलंय. चंद्राला दाखवायचंय. तुम्ही बघून घ्या वन्सं, मग खाली बसून खाऊ."

आम्ही वर गेलो. ऊन उतरलं होतं. वहिनीने पाटावर पांढरा रुमाल अंथरून त्यावर गोळे रचले होते, खाली जास्त, वर कमी, टोकाला एक. त्यांवर काळे तीळ. शेजारी तांब्यात दर्भाची जुडी. मला ते खरोखर सुंदर वाटलं होतं. मी मोबाईलवर फोटोही काढला.

आत्या दारातच थांबली. पदर तोंडावर गेला.

"वहिनी," ती आईला म्हणाली, "हे काय मांडलंय हो?"

"चंद्राचे लाडू. त्यांच्याकडे असतं तसं."

"अहो, पिंड आहेत हे. तांदळाचा गोळा, काळे तीळ, दर्भ. उद्यापासून पितृपक्ष. काय बाई, घरात, लेकराच्या घरात…"

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मी पुढे झाले. "आत्या, दांगो आहेत ते. गोड असतात. खाली पाक केलाय."

"तू गप. तुला काय माहीत, बायका जातात का कधी घाटावर? मी पाहिलंय, माझ्या नवऱ्याचं मीच केलं, कुणी नव्हतं करायला. अगदी हुबेहूब." तिने पाटापासून हातभर लांब बसकण मारली आणि रडायला लागली. "नचिकेता, अरे, तुझ्या बायकोच्या हातून घडलं रे हे. तुझंच मागणं असेल. राहिला होतास ना उपाशी."

आता हे हसण्यावारी न्यायला एकच माणूस पुरेसं होतं. आईने एक शब्द बोलायचा होता. आई गच्चीच्या दारातल्या उंबऱ्यावर बसली. तिच्या हातात पाकाची स्टीलची वाटी आणि चमचा होता, खालून तशीच घेऊन आली होती.

"आई, सांग ना त्यांना," मी म्हणाले. "तूच तीळ लावायला सांगितलेस."

"मी चवीसाठी म्हटलं." आईचा आवाज मऊ होता. "पण वन्सं म्हणतात त्यातही काही खोटं नाही. माझ्याही लक्षात आलं नाही बघ."

वहिनी पाटासमोर गुडघे टेकून बसली. तिच्या गावी असं बसतात, टाचांवर. "आत्या," तिने विचारलं, "हे पिंड झाले, तर कावळा येईल?"

"वहिनी, उठ," मी तिचा दंड धरला. "कावळ्याला नवीन पदार्थ ठेवला तर तो लगेच खात नाही. घाबरतो. त्यात हे चिकट आहे. याचा दादाशी काही संबंध नाही. चल खाली, मिका एकटी आहे."

"थांब गौतमी. मला बघायचंय."

"काय बघायचंय?"

"काय राहिलं ते."

आत्याने डोळे पुसले. तिला आता काम मिळालं होतं. "शास्त्र ठेव तुझं खाली. पोरगी बोलतेय तर बोलू दे. सूनबाई, हात जोड. सांग त्याला. एकेक सांग."

शेजारच्या बंगल्याच्या पाण्याच्या टाकीवर चारपाच कावळे बसले होते. बघत होते आमच्याकडे. त्यातला एक एका पायावर तोलून बसला होता, दुसरा पंजा मुडपलेला.

वहिनीने हात जोडले. "नचिकेत. मी आईंना दर आठवड्याला फोन करीन."

कावळे हलले नाहीत.

"ते काय मागणं झालं?" आत्या म्हणाली. "त्याच्या जिवाला काय लागलं असेल ते सांग. तरुण बायको मागे ठेवून गेला. म्हण, मी दुसरं लग्न करणार नाही."

"आत्या!" मी म्हणाले.

वहिनीने तेही म्हटलं. सावकाश, एकेक शब्द नीट उच्चारत, दादाने शिकवल्यासारखं. "मी दुसरं लग्न करणार नाही."

काही नाही. टाकीवर एक कावळा पंख साफ करत होता. आई उंबऱ्यावर गप्प बसली होती. वाटी मांडीवर, चमचा वाटीत.

"मी मिकाला मराठी शिकवीन. रोज बोलेन तिच्याशी."

काही नाही.

"दर वर्षी तिला घेऊन येईन. उन्हाळ्यात. पूर्ण सुट्टी."

आत्या मान हलवत होती. "नाही बाई. हे नाही त्याच्या मनात." मग आईकडे वळून, "वहिनी, तुम्ही आई आहात. तुम्हाला काही आठवतं का, काय होतं त्याच्या मनात?"

आई पाटाकडे बघत होती. "मी काय सांगणार. त्याच्या मनातलं हिलाच ठाऊक. मला कुठे सांगायचा तो."

वहिनीचा चेहरा मी बाजूने बघत होते. ती खरोखर शोधत होती. पाठ न झालेला धडा आठवावा तशी. ओठ हलत होते, जपानीत काहीतरी. तिला आठवत काय असेल हे मला आज कळतं, कारण पुढे तिनेच मला सांगितलं. मिका झाली तेव्हा दादा हॉस्पिटलमध्ये म्हणाला होता की ही आपल्या गच्चीत खेळून मोठी व्हावी, मी झालो तशी. बाप म्हणून कोणीही म्हणेल असं वाक्य.

"नचिकेत," ती म्हणाली, "मिका…"

थांबली. खालून मिकाचा आवाज येत होता, टीव्हीबरोबर गात होती.

"मिका इथे राहील. आईंजवळ. मी नेणार नाही."

आईने वाटीच्या काठावर चमचा आपटला. टक् टक् टक्. चमच्याला गूळ चिकटला होता, तो सोडवत असावी.

मुडपलेल्या पंजाचा कावळा टाकीवरून उठला. कठड्यावर बसलासुद्धा नाही. सरळ पाटावर उतरला, एका पायावर उड्या मारत ढिगाशी आला आणि टोकावरच्या गोळ्यात चोच खुपसली. पीठ चिकट होतं. गोळा चोचीला अडकला. तो डोकं झटकत राहिला, पाटावर आपटत राहिला, आणि तसाच तो पांढरा गोळा चोचीत घेऊन उडाला.

"शिवला," आत्या म्हणाली. "शिवला गं बाई."

वहिनीने दोन्ही हात फरशीवर टेकले आणि कपाळ हातांवर ठेवलं. बराच वेळ ती तशीच वाकून होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला तर पाठ थरथरत नव्हती. ती रडत नव्हती. वर आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला सुटका म्हणावं लागेल.

"सापडलं," ती मला म्हणाली.

आई उठली. गुडघ्यावर हात टेकवून, जड, नेहमीसारखी. "चहा टाकते," म्हणाली. "वन्सं, साखर कमी ना तुम्हाला?"

त्या रात्री चंद्र बघायला कोणी वर गेलं नाही. सकाळी मी पाट आणायला गेले तर उरलेले गोळे भेगाळून दगडासारखे झाले होते. पाक वाटीत गोठला होता.

मी बोलले नाही असं नाही. मंगळवारपर्यंत मी वहिनीला रोज समजावलं. कावळ्याच्या स्वभावाबद्दल जेवढं वाचता येईल तेवढं वाचून समजावलं. ती प्रत्येक वेळी ऐकून घ्यायची. "तुझं बरोबर असेल," म्हणायची. "पण तो चार वेळा आला नाही. पाचव्या वेळी आला. त्याच शब्दाला आला. मी ऐकलं नाही असं कसं करू?" पाच निरीक्षणं, एक निकाल, आणि मी स्वतः साक्षीदार.

आईलाही मी विचारलं, की तू तिला थांबव, पोरीला आईपासून तोडू नको. आई म्हणाली, "मी कुठे काय म्हटलं? मी तर तोंडही उघडलं नाही. तू होतीस ना तिथे."

बुधवारी वहिनी एकटी गेली. मिका आईच्या कडेवर होती. ममा बाजारात चाललीय असं समजून तिने "खाऊ आण" म्हटलं. टॅक्सी वळेपर्यंत वहिनी मागच्या काचेतून स्वतःच्या कानाची पाळी ओढून दाखवत होती आणि मिका हसत तिची नक्कल करत होती.

त्याला तीन वर्षं झाली. मी बंगळूरला संशोधनाला लागले, वर्षातून दोनदा घरी येते. मिका साडेपाच वर्षांची आहे. जपानी विसरली. वहिनीशी ती रविवारी फोनवर बोलते, मराठीत, कंटाळून, पाय हलवत. वहिनी दोनदा येऊन गेली, पंधरा पंधरा दिवस. पहिल्यांदा आली तेव्हा मिका तिला "काकू" म्हणाली.

गेल्या भाद्रपदात मी घरी होते. पौर्णिमा रविवारीच आली. दुपारी चारला वहिनीचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे रात्र पडली होती. मोबाईल ओट्यावर टेकवून ती पीठ मळत होती, मागे तिची आई भांडी पुसत होती.

"गौतमी, बघ, दांगो. दर वर्षी करते. दोन ताटं. एक चंद्राला, एक त्याला."

"छान झालंय पीठ."

"कान धर, मग सांग." ती हसली. मग जरा थांबून, नेहमी विचारते तसं विचारलं, "तो येतो का गं अजून? कावळा? गच्चीत?"

मी काही बोलायच्या आत मिकाने माझ्या हातातून फोन ओढला. "ममा, लंगड्या ना? रोज येतो. गंमत दाखवू? गंमत दाखवू तुला?"

ती जिन्याने वर पळाली. मी मागे गेले. गच्चीच्या दारामागे खिळ्याला एक स्टीलची वाटी अडकवलेली होती, चमच्यासकट. तिने फोन कठड्याला टेकवून उभा केला, कॅमेरा पाण्याच्या टाकीकडे. जीभ बाहेर काढून, एकाग्र होऊन तिने वाटीच्या काठावर चमचा मारला.

टक् टक् टक्.

टाकीवरून तो उठला. मुडपलेला पंजा. सरळ येऊन मिकाच्या पायाशी उतरला आणि मान वाकडी करून वाटीकडे बघू लागला.

"बघितलं?" मिका म्हणाली. "नुसतं बोलावलं तर येत नाही हं. वाटी वाजवली तरच येतो. आजीने शिकवलंय त्याला. खूप आधी. तू होतीस ना इथे, तेव्हापासून. माझे बाबा गेले ना, मग दुपारी आपण झोपलो की आजी रोज इथे एकटी बसायची आणि त्याला भात घालायची."

मी वाकून स्क्रीनकडे पाहिलं. वहिनीचे हात पिठात होते आणि ती हलत नव्हती. मला वाटलं नेट गेलं असेल. मग मागून तिची आई भांडी पुसत गेली.

"मिका," वहिनी म्हणाली. "परत वाजव."

"पण तो इथेच आहे."

"त्याला हाकल. मग वाजव."

मिकाने पाय आपटला. कावळा टाकीवर जाऊन बसला. तिने वाटी वाजवली. तो आला.

"परत."

तो आला.

वहिनीने पिठाचा हात वर नेला आणि स्वतःच्या कानाची पाळी चिमटीत धरली. धरली ती सोडली नाही. नखाखालचं मांस पांढरं झालेलं मला दिसत होतं.

"परत," ती म्हणाली. "परत वाजव, बाळा."

टक् टक् टक्.

जिन्याच्या खालून आईचा आवाज आला, मऊ, वर्ग सुटताना असायचा तसा. "मिका, पुरे आता. त्याचं पोट भरलंय. ये खाली."